बायजाबाई गप्प राहते तेव्हा

पौषातली धुई हरभऱ्यावरून उठली नव्हती. हात बगलेतून बाहेर काढवत नाही अशी थंडी. बायजाबाईनं अंगण झाडलं, सडा टाकला, बकऱ्यांपुढं तुरीचा पाला टाकला आणि कुऱ्हाड घेऊन नाल्याकडं निघाली. निघताना एक शब्द बोलली नाही, यावरूनच सगळ्या टोल्याला, त्या छोट्या वस्तीतल्या घराघराला, कळलं, की आज रविवार आहे आणि बाई औषधाला चालली.

एरवी बायजाबाई उईके गप्प आहे असं कोणी सांगितलं, तर आर्वी तालुक्यात त्याला खोटारडा म्हणतील. पोट बिघडलेल्याला कुड्याची साल ती चिमूटभर देते आणि कुड्याची कथा पायलीभर. कोणत्या टेकडीवरचा कुडा चांगला, तो सासूनं कसा दाखवला, सासू स्वभावानं कशी होती, सगळं. बेहडा मागायला गेलेला माणूस खोकला विसरून परततो. तो बेहड्यानं गेला की ऐकून ऐकून, हे अजून ठरायचं आहे. मोहाखालून जाताना ती मोहाची खुशाली विचारते. बिब्याला मात्र शिव्या घालते, कारण तो एकदा तिच्या गालावर उतला होता.

पण साल काढायची रीत वेगळी. आदल्या संध्याकाळी झाडापाशी हळद-तांदूळ ठेवायचे आणि गोंडीत सांगायचं, उद्या येते, अमकीसाठी येते. मग रविवारी घर सोडल्यापासून दुखऱ्या अंगाला लेप लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बोललं की गुण गेला. तिचा नवरा तानबा या रीतीला फार मानतो. रविवारी मुद्दाम लवकर उठतो आणि आठवड्याचं बोलणं उरकून घेतो.

या रविवारी दुपारच्या बसनं लेक रुपासाठी पाहुणे यायचे होते. मुलगा नागेश, आर्वीच्या बस डेपोत मेकॅनिक. रुपाला तो मनापासून पसंत. देवही जुळत होते, हे सहा देवांचे, ते सात देवांचे; गोंडांत सारख्या देवांच्या घरांत सोयरीक होत नाही. भीती होती ती आईची. मागच्या पाहुण्यांना बायजाबाईनं दोन तास झाडपाला ऐकवला होता; ते चहा यायच्या आधीच उठले आणि ती गोष्ट आर्वीच्या बाजारापर्यंत गेली. शनिवारी रुपानं आईचे हात धरले.

"आई, मले हेच घर पाह्यजे. उद्या जराशी कमी बोलजो."

बायजाबाईनं कबूल केलं. कबूल करायला तिला पाऊण तास लागला.

पाहुणे येणार म्हणून औषध टाळताही येत नव्हतं. शेजारच्या शोभाबाईचा पाय शुक्रवारी वावरात मुरगळला होता आणि मैदालकडीच्या झाडाला सांगून झालं होतं. सांगितलं म्हणजे जावंच लागतं. तिनं वीतभर साल काढली, झाडाच्या जखमेवर ओला चिखल लिंपला, पदरात साल बांधून रस्त्याला लागली.

फाट्यावर बस थांबली आणि दोघं उतरली. टोपीवाला एक सडसडीत माणूस आणि एक अंगानं भरलेली बाई. दुपारच्या बसचा भरवसा नाही म्हणून नागेशचा बाप प्रेमदास आणि आत्या जिजाबाई सकाळच्याच बसनं आले होते.

"मावशी, तानबा उईकेचं घर कोनतं?"

बायजाबाईनं हात जोडले, पुढं बोट दाखवलं आणि सोबत चालू लागली.

"मुकी आहे बिचारी," जिजाबाई म्हणाली, आणि मग तिनं आवाज खाली ठेवण्याचं कारणच उरलं नाही. पोरगी लाखात एक आहे म्हणे. पण मायचं तोंड म्हणजे पिठाची गिरणी, वीज गेल्याशिवाय थांबत नाही. अशा घरची पोरगी आणली तर आपल्याला घरात बसू देईल का?

बायजाबाईचे ओठ तीनदा हलले. पदरातल्या सालीचा तिनं पार चुरा केला. नाल्याच्या उतारावर जिजाबाई गुडघा धरून आडवी-आडवी उतरू लागली, तेव्हा तिनं मुकाट्यानं हात दिला.

"पाह्य प्रेमदास, अशी विहीण भेटाले पाह्यजे," जिजाबाई म्हणाली.

दारात रुपा उभी होती. आईला पाहुण्यांसोबत पाहून तिचा चेहरा उतरला. तानबा मात्र रविवारच्या रंगात होता. "या, या. माही बायको भेटलीच वाटते तुमाले," तो म्हणाला.

जिजाबाई बाजेवर बसली ती एकदम.

ओसरीत शोभाबाई पाय पसरून होती. बायजाबाईनं पाट्यावर साल वाटली, लेप कोमट केला, घोट्याला लावला. रुपा आईच्या हाताकडं नाही, तोंडाकडं पाहत होती. फडक्याची शेवटची गाठ बसली तसा तानबा सवयीनं हातभर मागं सरकला.

"बाई," जिजाबाई खालच्या आवाजात म्हणाली, "वाटेनं आमच्या तोंडून कायबी निघालं..."

"ते राहू द्या. तुमचा उजवा गुडघा कवापासून दुखून राह्यला?"

गुडघा चार वर्षांपासून दुखत होता. जिजाबाईनं पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. वर्ध्याचा डॉक्टर झाला, त्याची सुई झाली, दवाखान्याच्या पायऱ्या झाल्या, पायऱ्यांवर भेटलेली नाचणगावची बाई झाली, त्या बाईची सून झाली. चहा आला, दुसरा आला. बायजाबाईनं चारदा तोंड उघडलं आणि चारही वेळा त्यात फक्त "हो का" मावलं. आपली आई बोलायची संधी मिळायची वाट पाहते आहे, हे रुपानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

प्रेमदासनं बशी खाली ठेवली आणि तानबाकडं झुकला.

"आमच्या घरी सवय आहे. पोरगी आमाले पसंत आहे. पुढच्या रविवारी नागेशले पाठवतो."

"सकाळीच पाठवजा," तानबा म्हणाला.

जेवणं झाली. पाहुणे दुपारच्या बसनं गेले. जिजाबाई गुडघ्याचं उरलेलं दुःख फाट्यापर्यंत सांगत गेली. बायजाबाई परतली तेव्हा रुपा खांबाला धरून एकटीच हसत होती. बायजाबाई तिच्याकडं पाहून काही म्हणणार होती, पण मोरीवर उष्ट्या ताटांचा ढीग पडला होता. तिनं पदर खोचला, राखेची टोपली ओढली आणि घासायला बसली.