खेळातून धुरकरी काढला

राजापेठेत माझा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. कापसाचं गणित बिघडत गेलं तशा पत्रिका लहान झाल्या, मग एकरंगी झाल्या, मग लोक फोनवरच आमंत्रण उरकायला लागले. मशीन रिकामी, मी रिकामा, आणि रिकामा बसलो की माझं डोकं फिरतं. त्याच दिवसांत मी शंकरपटाचा पत्त्यांचा खेळ काढला. बैलजोड्यांच्या शर्यतीला आमच्याकडे शंकरपट म्हणतात. प्रत्येक पत्त्यावर एक जोडी, खाली तिचा वेग. दोघांनी एकेक जोडी टाकायची, ज्याची जोरात पळणार त्यानं दोन्ही पत्ते उचलून बाजूला ठेवायचे, शेवटी त्यांचे गुण मोजायचे. पाकिटात कोणते पत्ते निघतील ते फोडल्याशिवाय कळायचं नाही, म्हणून पोरांची अदलाबदल सारखी चालायची.

शेजारी ट्युशन क्लास होता. तो सुटला की पोरंपोरी सायकली माझ्या पायरीला टेकवून सुरू व्हायची. ‘काका, पांढरी जोडीच सगळ्यात जोरात काहून?’ ‘काका, दोघांचा वेग सारखा निघाला तं?’ मी खेकसायचो, ‘अबे, पाकिटावर छापलंय सगळं, डोळे फुटले का?’ आणि मग हातातलं काम टाकून समजावत बसायचो. खोटं कशाला बोलू, जन्मात मला कोणी इतकं काही विचारलं नव्हतं.

क्लासच्या दारावर एक चाचा चौकीदार होते. कौंडण्यपूरच्या रस्त्यावरच्या एका गावचे. उभी हयात दुसऱ्यांच्या जोड्या पटात हाकण्यात गेली. हाकणाऱ्याला धुरकरी म्हणतात, आणि चांगल्या धुरकऱ्याला लोक घरी येऊन घेऊन जायचे. स्वतःचा बैल मात्र त्यांच्या दारात कधी नव्हता. मग गावात एकेकानं बैल विकले. चारा परवडेना, भाड्याचा ट्रॅक्टर आला, पट बंद पडले, आणि चाचा गळ्यात शिटी अडकवून इथं स्टुलावर येऊन बसले.

माझ्या खेळातला धुरकरी मी त्यांच्यावरूनच काढला होता. डोक्याला फडकं, एक हात वर, तोंड उघडं. तो पत्ता जोडीवर ठेवला की वेग दुप्पट. पण जोड्या संपून तो नुसता हातात उरला, तर दहा गुण वजा. या नियमावर मी फार खूश होतो. चाचाही होते. क्लासमध्ये नवीन मास्तर आला की त्याला पत्ता दाखवायचे, ‘पाहा साहेब, हा मी हाओ.’

एक दिवस नववीतली एक पोरगी, सगळ्यांत हुशार खेळणारी, मला म्हणाली, ‘काका, धुरकरी कोणालेच नको असते. बदल्यातबी कोणी घेत नाही. मोक्याले ठेवू म्हटलं तं जोड्या सरून जाते, तो हातात राहते अन् त्याच्यापायी आपण हारतो. काढून टाका ना त्याले.’

चाचा तिच्या मागेच उभे होते. माझा पारा चढला. ‘लई शहाणी झाली का तू? धुरकऱ्याशिवाय जोडी पळते का कुठं?’

‘खेळात पळते ना, काका.’

पोरं गेल्यावर चाचांनी विचारलं, ‘पोरगी बरोबर बोलली का?’

‘लहान आहे हो ती.’

‘तिचं वय नाही इचारलं, भाई. खेळाचं इचारून राहिलो.’

मी पेटलोच. धुरकऱ्याला ठेवूनच खेळ नीट करून दाखवतो म्हटलं. वजा गुण काढून टाकले, तर जो तो धुरकरी दाबून बसायला लागला आणि डाव पुढे सरकेना. वेग दुप्पटऐवजी तिप्पट केला, तर ज्याला तो पत्ता आला त्यानं आधीच जिंकलं. रोज संध्याकाळी क्लासला कुलूप लावून चाचा माझ्यासमोर बसायचे आणि आम्ही नवा नियम खेळून पाहायचो. एकदा मी धुरकऱ्याला स्वतःचाच वेग देऊन टाकला, म्हणजे जोडी नसली तरी त्याला खेळता येईल. चाचांनी तो पत्ता टाकला, थोडा वेळ पाहिला आणि परत उचलला.

‘बैलाबिगर पळणारा मानूस बरा नाही दिसत, भाई. येड्यावानी दिसते.’

मला हसू आलं नाही. ते म्हणाले, ‘काढा त्याले.’

‘नाही काढत, जा.’

‘मले वाईट नाही वाटत.’

‘मला वाटतं ना!’

‘मंग तुमी सांगा. जोड्या सरल्यावर त्यानं काय कराव? खेळ तं तुमीच बनवला.’

मी पाकिटावरचे नियम परत वाचायला लागलो. त्यांनी पत्ते गोळा केले, गड्डी टेबलावर ठेवली आणि घरी गेले.

पुढची छपाई मी धुरकऱ्याशिवाय केली. खेळ सुधारला. डाव झटपट संपायला लागला, भांडणं कमी झाली, अकोल्याच्या जठारपेठेतला एक दुकानदार आणखी पाकिटं पाठवा म्हणून मागे लागला. त्या खेळाचा मला संताप यायचा, आणि तो इतका बरा झालाय याचा जास्त यायचा.

नवीन पाकिटं छापून झाली त्या दिवशी चाचा माझ्या पायरीवर त्या पोरीशी खेळायला बसले. मी मशीन पुसायचं निमित्त करून आतच थांबलो. दोन डाव झाले. तिनं विचारलं, ‘चाचा, आता कसा वाटते?’

‘मस्त झाला, बेटा,’ पत्ते पिसत ते म्हणाले, ‘आता कोनाची अडचन नाही.’ आणि त्यांनी तिसरा डाव वाटायला घेतला.