आबांच्या बाजेला जागा

नांदेडच्या फ्लॅटचं मी सगळं बघितलं होतं. नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलं, लातूरचा माणूस दुसरं काही विचारतच नाही. गॅलरीत कपड्यांची दोरी बांधता येते का ते बघितलं. फक्त माझे वडील झोपणार कुठं, तेवढं बघायचं राहिलं. आणि आमच्या घरात खरा प्रश्न तेवढाच होता.

आबा तीस वर्षं झाली, स्लॅबखाली झोपलेले नाहीत. आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. भूकंपाच्या त्या पहाटे आबा गणपती बोळवून आले होते, आत उकडतं म्हणून अंगणात बाजेवर पडले होते. आई आत होती. मी लातूरला शिकायला होतो. यापुढचं आमच्याकडं कुणी कुणाला सांगत नाही.

नंतर नव्या गावठाणात सरकारनं पक्कं घर दिलं. आबांनी त्यात कडबा भरला आणि स्वतः शेजारी पत्र्याचं शेड मारून राहिले. आमच्याकडं बऱ्याच जणांनी तेच केलं. कडब्याला सिमेंटचं घर आणि माणसांना पत्रे. पुढं लातूरला मी तीन खोल्या बांधल्या तेव्हा समोर पत्र्याची पडवी काढली, ती आबांची. पाहुणे आले की टोमणा ठरलेला: "काय राव, बाप पत्र्यात अन् तुम्ही फॅनखाली!" मी हसून चहा द्यायचो. समजावत बसलो असतो तर पाहुण्यांना जेवायलाही घालावं लागलं असतं.

मी लातूरच्या एका क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करायचो. बेन्झीनची षटकोनी कडी मी डोळे मिटून काढायचो. त्या कडीचं पुढं काय होतं ते मला कधीच कळलं नाही, पण काढायचो सुबक. पाहुण्यांत सांगायचो, कितीतरी डॉक्टर माझ्या हातून गेलेत. म्हणजे त्यांच्या प्रश्नपत्रिका गेल्यात. मग मुलांना टॅबलेट आले. परीक्षा त्याच्यातच व्हायला लागल्या, पेपर काढायचं काम कुठल्या तरी शहरातून कुणीतरी करायला लागलं. क्लासचे मालक मला इतकी वर्षं 'सर' म्हणायचे, ते एके दिवशी 'काका' म्हणाले. मी ते वयाचा मान म्हणून घेतलं. महिनाभरानं म्हणाले, "काका, आता आराम करा. खूप केलंत."

आराम करणं मला जमेना म्हणून दुसऱ्या क्लासांत विचारायला गेलो. लातूरमध्ये पन्नाशी उलटलेला माणूस क्लासच्या दारात उभा राहिला की तो पालक. रिसेप्शनच्या पोरींनी दोन-तीन ठिकाणी माझ्या हातात ॲडमिशनचा फॉर्म दिला. एका ठिकाणी तर मी डेमो लेक्चर ऐकूनही आलो, एसी होता म्हणून.

घराचे हप्ते थांबत नव्हते. शेवटी घर विकलं. बायकोच्या भावाचा नांदेडला एक फ्लॅट रिकामा होता, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचा. भाडं नको म्हणाला. वर म्हणाला, "दाजी, काळजी करू नका. इथल्या एका क्लासमध्ये मी तुमच्यासाठी शब्द टाकलाय."

आबांना सांगितलं तेव्हा ते बाजेची नवार आवळत बसले होते. ही बाज लोखंडी, लातूरच्या वेल्डरकडून बांधून घेतलेली, पाय आणि चौकट सगळं एकजीव. जुनी लाकडी मोडली तेव्हा आबांनी मापसुद्धा तेच दिलं होतं.

"आपल्या वर काय हाय तिथं?" त्यांनी विचारलं.

"तिसरा मजला."

"त्येच्या वर?"

"चौथा."

आबा नवार ओढत राहिले.

"आबा, नवीन बांधकाम आहे. बिल्डर म्हणतो, भूकंप झाला तरी हलणार नाही."

"बिल्डर कुठं झोपतो?"

 

सामान काढताना मी फार शहाणपणा केला. ड्रेसिंग टेबल दिलं, धान्याची कोठी दिली, माझं टाइपिंगचं टेबल भंगारवाल्याला दिलं. बायको मात्र पाण्याचे ड्रम सोडेना. मी म्हटलं, "अगं, नांदेडला रोज पाणी येतं." ती म्हणाली, "नोकरीसुद्धा रोज होती." ड्रम आले.

टेम्पो पोचला आणि बाज जिन्याच्या पहिल्याच वळणावर अडकली. लिफ्ट नव्हतीच. हमालांनी ती उभी केली, आडवी केली, एकदा तर एका बिचाऱ्या हमालाच्या गळ्यात घातली.

"साहेब, वळत न्हाई ही. कापू का?"

"कापायची न्हाई," आबा खालून म्हणाले. "बाज खाली राहू दे. मी बी खालीच हाय."

ते वर आले, चहा प्यायले आणि पूर्ण वेळ छताकडं बघत होते. बशीतला चहा धोतरावर सांडला तरी नजर खाली आली नाही. कप ठेवला आणि जिना उतरले. पार्किंगमध्ये त्यांनी एका खांबावर बोटानं टकटक केलं. "समदं घर खांबावर तोलून धरलंय. खाली गाड्या ठिवल्यात, माणसं न्हाईत. तेवढी अक्कल हाय."

गेटजवळ वॉचमनची पत्र्याची खोली होती आणि तिच्यापुढं पत्र्याचीच पडवी. आबांनी बाज तिथं टाकायला लावली. वॉचमन भोकरकडचा, भला माणूस. त्याला रात्रीची सोबत मिळाली. बायको वर जेवणाचा डबा करायची आणि मी खाली नेऊन द्यायचो. आपल्याच बापाला डबा पोचवणारा माणूस आमच्या पाहुण्यांत मी पहिलाच असेन.

सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. ते एक दिवस भेटले. "ते बाजेचं काय ते बघा जरा. गेटवर बरं दिसत नाही. उद्या कुणाला फ्लॅट विकायचा असला तर?"

"दोनच दिवस," मी म्हटलं.

मग मी पत्र्याची खोली शोधत नांदेड फिरलो. होत्या खोल्या. अंगण होतं, पत्रे होते, एका ठिकाणी तर लिंबाचं झाड होतं. घरमालक सगळे एकच विचारायचे: "नोकरी कुठं तुमची?" मी म्हणायचो, होणार आहे, शब्द टाकलाय. लिंबाच्या झाडाची मालकीण हसली. "मग झाली की या, दादा."

मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, बोलणं चालू आहे. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "शब्द टाकून टाकून माझ्या भावाचं तोंड दुखायला लागलंय."

दोन दिवसांचे दोन महिने झाले. सोयाबीन काढायला वॉचमन गावाकडं गेला, तो आलाच नाही. तोवर आबांना गेटची सवय झालेली. पहाटे उठून दूधवाल्याला गेट उघडायचं, शाळेच्या रिक्षांना वाट करून द्यायची. आणि मुख्य म्हणजे पाण्याची मोटर. नांदेडची माणसं मोटर लावून खुशाल टीव्ही बघतात आणि टाकी भरून धो धो वाहते. आबांना ते बघवेना. सांडायचा पहिला आवाज आला की ते बाजेवरून उठून बटण बंद करायचे आणि वर तोंड करून ओरडायचे, "आरं, काय करून राहिले तुम्ही? पानी हाय ते!" चौथ्या मजल्यावरच्या बाई त्यांना घाबरायला लागल्या.

सेक्रेटरी पुन्हा भेटले. या वेळी आवाज गोड होता. "तुमच्या बाबांनी सोसायटीला शिस्त लावली हो. कमिटीचं म्हणणं पडलं, दुसरा माणूस कशाला शोधायचा? रात्री तसेही ते तिथंच असतात."

मी कानकोंडा झालो. मेहुण्याच्या कानावर गेलं तेव्हा तो तावातावानं आला. "दाजी, माझ्या बहिणीचा सासरा गेटवर वॉचमन? माझ्या फ्लॅटच्या गेटवर? लोक काय म्हणतील?"

"मग त्यांना कुठं झोपवू, सांग."

तो छताकडं बघत बसला, अगदी आबांसारखा. चहा पिऊन गेला.

मी खाली जाऊन आबांना म्हटलं, "आबा, या वयात नोकरी? नको म्हणून सांगू का?"

"झोपायचा पगार देऊन राहिले," आबा म्हणाले. "नको कशाला म्हणायचं?"

तर अशी आमच्या घरात नोकरी आली. ऐंशीच्या घरातल्या माणसाला. खाकी शर्ट खांद्यावरून उतरत होता, बायकोनं तो हातशिलाईनं आत घेतला. शर्ट शिवताना ती हसली नाही आणि काही बोललीही नाही. मला टोमणा हवा होता. टोमणा आला असता तर बरं वाटलं असतं.

आता थंडी पडलीय. पत्रा पहाटे ठिबकतो आणि आबा खोकतात. वर चला म्हणून मी आता विचारत नाही. वर गेल्यावर ते रात्रभर बसून काढतात हे मी एकदा त्यांच्या आजारपणात बघितलंय. बसून काढण्यापेक्षा खोकून काढलेली रात्र बरी, असं त्यांचंच म्हणणं. सकाळी मी चहाची किटली घेऊन खाली जातो आणि बाजेच्या कडेला बसतो. मला दुसरं जायचं कुठं असतं? चौथ्या मजल्यावरच्या बाई परवा मला म्हणाल्या, "वॉचमनबाबांचे तुम्हीच ना? माझं पार्सल येणार आहे, घेऊन ठेवा." मी घेऊन ठेवलं. सहीसुद्धा केली.

काल आबांनी बशीतला चहा फुंकत विचारलं, "तुझं काय झालं?"

"मेहुण्यानं शब्द टाकलाय."

आबांनी 'हाव' म्हणत मान हलवली. बशी रिकामी केली. मग म्हणाले, "दिवसपाळीला बी माणूस पायजे म्हणं. सेक्रेटरी इचारीत होता. मी तुझं नाव न्हाई काढलं. म्हणलं, आधी तुला इचारावं."

मी किटलीचं झाकण लावलं, काढलं.

"टाकू का शब्द?" आबा म्हणाले.

खिशातला फोन मी बघितला नाही. त्यात काही नाही हे मला माहीत होतं.

"टाका," मी म्हटलं.

वर टाकी भरून पाणी सांडायला लागलं. आबा गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. त्यांच्याआधी मी उठलो आणि मोटर बंद केली.