उकळी तुटली त्या दिवशी

आमच्या गल्लीत हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी बचनाग खातात. दचकलात? दचकायला हरकत नाही, विषच आहे ते. पण आमच्या युन्नानच्या डोंगरातली थंडी एकदा गुडघ्यांत शिरली की भाड्याने राहिल्यासारखी राहते, आणि नीट शिजलेला बचनाग तिला हुसकून लावतो, असं इथला कुठलाही म्हातारा सांगेल. मी तर सांगणारच. नीट न शिजलेला मात्र माणसालाच हुसकून लावतो. दर हिवाळ्यात जवळपासचा कोणीतरी ओठ बधिर होऊन, छाती धडधडत सरकारी दवाखान्यात पोचतो आणि तिथले डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणतात, अरे, घरी शिजवूच नका. त्यांचंही खोटं नाही.

आमच्या गल्लीतून मात्र कोणी गेलं नाही, कारण हंडा रुइफेनवहिनीच्या ताब्यात होता. ही माझ्या थोरल्या भावाची बायको. शरीराने चिमणीएवढी, आवाज मात्र खोऱ्याच्या पलीकडे जाईल असा. कंद आणि डुकराचे पाय ती आदल्या संध्याकाळी चुलीवर चढवी, आणि मग उकळी मोडू द्यायची नाही. पाणी आटलं तर शेजारच्या किटलीतलं खळखळतं घालायचं. गार पाण्याचा थेंब नाही; उकळी तुटली की कंदातलं विष पुरतं मरत नाही. पोटुशी बाई, छातीचं दुखणं असलेला माणूस, लहान पोरं पंगतीला नाहीत. दारू तर उंबऱ्याच्या आत नाही. एकदा मी जरा कुरकुरलो, तर म्हणाली, "भावजी, प्यायचं असेल तर आज पोटभर प्या. बचनाग पुढच्या वर्षी खा." मी मुकाट्याने बाटली ठेवून आलो.

आणि पहिला घास तिचा. आमच्याकडे एरवी पाहुण्याआधी घरच्या बाईने तोंड हलवलं तर नाव ठेवतील, पण या दिवशी उलटं. ती नखाएवढा तुकडा खाऊन स्टुलावर बसायची आणि सगळी गल्ली तिच्या ओठांकडे बघत बसायची. बऱ्याच वेळाने जिभेला मुंग्या आल्या नाहीत असं म्हणाली की मगच वाट्या पुढे.

तर ज्या वर्षी तिच्या मुलीची, छाइह्वाची सोयरीक ठरायची होती, त्या वर्षी तळ्याकाठचे तुआन व्याही आणि म्याओलान विहीणबाई नेमके त्याच दिवशी आले. मुलगा छाइह्वाच्या मनात भरलेला, वहिनीच्याही. हो किंवा नाही, ते जेवण झाल्यावर सांगणार होते. वहिनीने त्या दिवशी चुलीपाशी बसूनच केस विंचरले.

ती दाराशी शेजारणीला वाट्या मागायला गेली, तेवढ्यात म्याओलानबाई स्वयंपाकघरात शिरल्या. त्यांच्या तळ्याकाठी कोणी बचनाग शिजवत नाही. हंड्यात पाणी कमी दिसलं. नुसतं बसून खाणारी विहीण म्हणवून घ्यायचं नव्हतं त्यांना. रांजणातल्या गार पाण्याची पळी भरून ओतली, वर आणखी एक ओतली. वहिनी परत आली तेव्हा खळखळ थांबलेली, आणि विहीणबाई पळी पुसत कौतुकाची वाट बघत उभ्या.

मी दारातून पाहत होतो.  वहिनीने चुलीतली लाकडं ओढली, माझ्या भावाला हाक मारली, आणि दोघांनी तो भरलेला हंडा परसात नेऊन खड्ड्यात उलटा केला. वर राख आणि माती, कुत्र्याने उकरू नये म्हणून. मग अंगणात येऊन म्हणाली, "उकळी तुटली. आज बचनाग नाही. शेवया करते."

गल्लीतल्या लोकांनी वाट्या खाली ठेवल्या.  उकळी तुटली म्हणजे काय, ते आमच्या पोरांनाही कळतं. पण तुआन व्याह्यांना कसं कळणार? त्यांना दिसलं ते एवढंच की मांसाने भरलेला हंडा पुरला, आणि पाहुण्यांपुढे तांदळाच्या शेवया. ते उठले, टोपी घातली. म्हणाले, "आम्हाला वाढायचं जिवावर आलं असेल तर सरळ सांगायचं. आम्ही काही भुकेने आलो नाही."

माझा भाऊ तोंड उघडणार होता. कुणी पाणी ओतलं, एवढं सांगितलं की झालं. वहिनीने त्याच्याकडे अशी नजर टाकली की त्याचं तोंड मिटलेलंच राहिलं. छाइह्वा शेवया उकळत होती आणि तिची पाठच सांगत होती की ती सगळं ऐकतेय.

"झाकणापासून मी हलायला नको होतं," वहिनी व्याह्यांना म्हणाली. "दोष माझा. पण जे मी स्वतः चाखणार नाही, ते तुम्हाला वाढणार नाही. सोयरीक मोडली तरी नाही."

व्याही दाराकडे वळले. म्याओलानबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. सगळा उलगडा त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरला.

"टोपी काढा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "गार पाणी मी घातलं. या बाईने माझं नाव घेतलं नाही, आणि माझी भीड धरून ते विष तुमच्या पुढ्यातही ठेवलं नाही. मुलगी याच घरातली करायची."

"तू घातलंस?"

"मी. आता बसा."

छाइह्वाच्या हातातला झारा खणकन पडला. व्याही थोडा वेळ टोपी हातात फिरवत राहिले, मग बसले आणि आंबवलेली मोहरीची भाजी शेवयांवर पसरून खाऊ लागले. विहीणबाई वहिनीच्या शेजारी चुलीपाशी जाऊन बसल्या आणि किटलीतलं पाणी हंड्यात नेमकं कसं घालतात, ते विचारू लागल्या. वहिनीने आधी त्यांच्या हातातली पळी काढून घेतली, आणि मग सांगितलं.