चिमीचा हट्ट

संस्थेच्या पायरीवर चार वर्षांची चिमी नवे बूट घालून आमची वाट बघत बसली होती. आम्ही दोघं मूळचे नाशिकचेच, पण नोकरीमुळे परदेशात राहतो. त्यामुळे आमच्याच गावातली मुलगी दत्तक घेताना आम्ही परदेशी ठरलो. आज तिला न्यायचं होतं. पण सकाळीच कचेरीतले साहेब म्हणाले, "नियम पुन्हा बदललेत, ताई. तिकडच्या सरकारचं नवं पत्र लागेल." भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

"बाबा, आज जायचं?" चिमीनं माझ्या नवऱ्याला विचारलं.

"आज नाही गं, राणी."

वाटलं, आता पाय आपटेल. ती नुसतं "बरं" म्हणाली आणि बुटांचे बंद सोडू लागली.

नियमांपुढं मोठी माणसं थकतात, हे समजतं. पण लहान मूल हट्ट करतं ते कुणीतरी आपलं ऐकेल, या भरवशावर. तो भरवसा तिला कुणी दिलाच नव्हता, आम्हीसुद्धा.

संध्याकाळपर्यंत आम्ही तिच्याशी खेळत राहिलो. निघताना मात्र तिनं माझी ओढणी मुठीत धरली आणि "जायचं नाही!" म्हणत भोकाड पसरलं. इतकी दमले होते, तरी ते रडणं ऐकून मला हायसं वाटलं.