हजेरी फोनच्या नावाने

शिक्षकांच्या खोलीत किश्श्यांना तोटा नसतो. मुलं दर वर्षी नवी येतात, आम्ही तेच राहतो, मग किस्से साचणारच! पण बडोद्याच्या आमच्या या मराठी शाळेत हल्ली मधल्या सुट्टीत चहा आला की गप्पा फिरून फिरून करोनातल्या ऑनलाइन वर्गांवरच येतात. नव्या आलेल्या मॅडम पोट धरून हसतात. म्हणतात, "काय मजा आली असेल ना बाई तुम्हाला!"

मजा? अहो, रोज कुणीतरी जात होतं. घडियाळी पोळात, म्हणजे आमच्या अरुंद गल्लीत, माझ्या खिडकीखालून ॲम्ब्युलन्स जायला जागा नाही, म्हणून ती नाक्यावर थांबायची आणि माणसाला खुर्चीत बसवून तिथवर न्यायचे. ते बघून मी खिडकी लावायची, चेहरा धुवायची आणि फोनसमोर बसून म्हणायची, "गुड मॉर्निंग, मुलांनो!" हसलो नसतो तर वेड लागलं असतं, एवढंच.

* * *

आमचे पाठक सर गणिताचे. निवृत्तीला आलेले. "फळ्याशिवाय मी शिकवणार नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं आणि बायकोच्या साड्यांच्या कपाटाचं दार काळ्या रंगाने रंगवून टाकलं! वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत.

सर तांदळाच्या डब्याला फोन टेकवायचे, वर्गाकडे पाठ करायचे आणि समीकरण सोडवायला लागायचे. एकदा मधेच नेट गेलं. वर्ग बंद पडला, मुलं पसार झाली. सरांना पत्ताच नाही! ते आपले लिहितायत, पुसतायत, "समजलं का?" विचारतायत आणि स्वतःच "शाबास" म्हणतायत.

शेवटी वहिनी साडी घ्यायला आल्या. "अहो, फोन कधीचा काळा पडलाय. शिकवताय कुणाला?"

"कपाटाला! ते तरी उद्या जागेवर असेल याची खात्री आहे!"

आम्ही खूप हसलो होतो यावर. मग एकदा सर मला हळूच म्हणाले, "बाई, वर्ग बंद पडल्याचं मला कळलं होतं हो. पण खडू खाली ठेवला असता तर टीव्हीवरचे आकडे आठवायला लागले असते." त्या दिवशी मला वहिनींच्या कपाटाबद्दल हसू आलं नाही.

* * *

आता हजेरीचं ऐका. वरून हुकूम आला की रोज हजेरी घ्यायचीच. पण मुलं बसलेली आईबापांच्या फोनवर. कॅमेरे बंद. पडद्यावर चौकटी नुसत्या, आणि चौकटीत नाव कुणाचं? फोनच्या मालकाचं! कुठलं पोर कुठल्या फोनवर, हे मला महिनाभर पाठ होईना. शेवटी मी कंटाळून दिसेल ते नाव पुकारायला लागले.

"राजूभाई रिक्षावाले?"

"हजर, बाई!"

"पप्पा जुना नंबर?"

"हजर!"

"चनियाचोळी भाड्याने?"

"हजर, बाई!"

आतल्या खोलीतून आमचे हे ओरडले, "शाळा घेतेयस की शुक्रवारचा बाजार?"

मुलांना मात्र ते इतकं आवडलं की खरी नावं मागेच पडली. भांडणंसुद्धा त्याच नावांनी! "बाई, राजूभाई रिक्षावाले मला चिडवतायत!" "बाई, चनियाचोळी भाड्यानेने माझं उत्तर चोरलं!" मी म्हटलं, चोरू दे बाबा. निदान कुणीतरी उत्तर देतंय.

* * *

त्यातच एक नाव होतं, मीनाक्षी सोनवणे. त्या फोनवर सातवीतली ईश्वरी बसायची. बापाला बडोद्याजवळ वाघोडियाच्या एका कंपनीत नोकरी, तिथेच एक खोली, घरात चांगला फोन हा एकच आणि तो आईचा.

ईश्वरी हुशार नव्हती. स्पष्टच सांगते. पण ऑनलाइन सुरू झालं आणि पोरगी धडाधड उत्तरं द्यायला लागली! मला शंका आली. एक दिवस विचारलं, "ईश्वरी, नर्मदा कुठे उगम पावते?"

मागून कुजबुज आली, "अमरकंटक."

"अमरकंटक, बाई!"

"शाबास. आणि मीनाक्षीताई, तुम्ही सातवीत कधी नाव घातलंत?"

सगळा वर्ग खिदळला. मला वाटलं, बाई आता लाजून पळेल. पण तिने कॅमेराच सुरू केला. हात कणकेने भरलेले, कपाळावरही पीठ. म्हणाली, "सहावीतनं काढलं मला घरच्यांनी, बाई. सातवी राहिलीच. आता हिच्यासंगं मीपण करून घेते. चालेल ने?"

"चालेल. पण उत्तर सांगायचं नाही!"

"नाही सांगत. पण बाई, हिला मात्र सोडू नका. माझ्यासारखं हिचं मध्येच राहायला नको."

तेव्हापासून ती रोज बसायची. पोळ्या लाटता लाटता धडा ऐकायची. पोरीच्या वहीत चूक दिसली की वर्ग चालू असतानाच धपाटा घालायची, तो आम्हाला सगळ्यांना ऐकू यायचा! मी पुकारायची, "मीनाक्षी सोनवणे?" आणि दोन आवाज एकदम यायचे, "हजर, बाई!"

* * *

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका. रोज पहाटे शिक्षकांच्या ग्रुपवर गुलाबाचं फूल आणि "सुप्रभात" टाकायच्या. आम्हाला भयंकर वैताग. पाठक सर तर म्हणायचे, "या बाईंना करोना झाला तरी विषाणू आधी फूल पाठवेल!"

एक दिवस फूल आलं नाही.

नऊ वाजले, दहा वाजले. मग प्रत्येकाने गुपचूप फोन लावले, एकाचाही लागेना. पाठक सर मास्क लावून, पोलिसांना चुकवत, सायकलवर त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. वरून खिडकी उघडली.

"काय झालं सर? फोनचा रिचार्ज संपलाय माझा! दुकानं बंद आहेत ना!"

सर तिथेच सायकलच्या सीटवर डोकं ठेवून रडले, हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. मोठ्या बाईंनी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या स्टाफने फुलं टाकायला सुरुवात केली. सरांनी झेंडू टाकला होता.

* * *

शिर्के सर पी.टी.चे. देह असा की वर्गात शिरले की उजेड कमी व्हायचा. ते बडोद्यातच, अकोट्याला, तिसऱ्या मजल्यावर राहतात. पी.टी. ऑनलाइन घ्यायची म्हणजे सर घरात उड्या मारणार आणि मुलं बघणार! खालच्या मजल्यावर एक म्हातारे गुजराती काका एकटेच. ते रोज जिन्यात येऊन ओरडायचे, "साहेब, तमारी आखी निशाळ मारा माथा पर चाले छे!" म्हणजे, तुमची अख्खी शाळा माझ्या डोक्यावर भरते.

सरही वर्दळीवर यायचे. "काका, दहा मिनिटं सहन करा, देशासाठी!"

दुसऱ्या लाटेत काका आजारी पडले. मुलगा परदेशात. शिर्के सरांनीच ऑक्सिजनचा सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढवला, सरांनीच बेड शोधला, ॲम्ब्युलन्समध्येही सरांनीच बसवलं. जाताना काका मास्कमधून म्हणाले, "हवे कूदो निरांते!" म्हणजे, आता मारा निवांत उड्या.

काका परत आले नाहीत. खालच्या घराला अजून कुलूप आहे. आम्ही विचारतो, "मग काय सर, आता मोकळं रान!" सर चहा संपवून मैदानावर निघतात. त्यांच्या बायकोने मला सांगितलं, घरात सकाळचा व्यायाम करताना अजूनही ते चवड्यांवर हळूच उतरतात.

* * *

त्याच लाटेत माझ्या वाट्याला धडा आला वातावरणाचा. मला तो टाळायचा होता. पण पुस्तकात जिथे होता तिथे होता.

"मुलांनो, हवेत ऑक्सिजन किती?"

"एकवीस टक्के, बाई!"

मग राजूभाई रिक्षावाल्यांचा मुलगा म्हणाला, "बाई, हवेत एवढा आहे, तर मग पप्पा काल सकाळपासून रांगेत का उभे आहेत?"

मी तीस वर्षं भूगोल शिकवतेय. मी म्हटलं, "पुढचं पान काढा."

त्या दिवशी मीनाक्षी सोनवणे हे नाव पडद्यावर नव्हतं. संध्याकाळी बापाने त्याच्या बटणांच्या साध्या फोनवरून कळवलं की तिला दवाखान्यात ठेवलंय, आणि बोलता यावं म्हणून चांगला फोन तिच्याजवळ दिलाय. म्हणजे आई दवाखान्यात, ईश्वरी घरात कोंडलेली, आणि वर्ग बंद. मला आईची काळजी वाटली आणि पोरीचीही. त्या वर्षी जी मुलं आठवडाभर दिसली नाहीत, त्यातली कितीतरी पुन्हा दिसलीच नव्हती.

दोन-तीन दिवसांनी हजेरी घेत होते आणि नाव उगवलं! मी आनंदाने ओरडलेच, "मीनाक्षी सोनवणे!"

कॅमेरा लागला. छत दिसलं, पंखा दिसला, मग मास्क आणि वरचे दोन डोळे.

"हजर, बाई."

आवाज एकच होता.

"अहो मीनाक्षीताई, तुम्ही आराम करा! वर्गात कशाला आलात?"

"ईश्वरीचा धडा बुडतो ने," ती थांबत थांबत म्हणाली. "मी ऐकते. संध्याकाळी तिच्या पप्पांच्या फोनवर तिला सांगते. बाई, फक्त थोडं हळू शिकवा. मला लवकर धाप लागते."

मागून नर्सचा आवाज आला, "बेन, बोलशो नहीं." पडदा काळा झाला, पण नाव तसंच राहिलं.

मी वारे शिकवले. माझ्या नोकरीत इतकं हळू मी कधी शिकवलं नव्हतं. तास संपल्यावर चनियाचोळी भाड्यानेने विचारलं, "बाई, ईश्वरीची गैरहजेरी लावणार?"

"नाही रे," मी म्हटलं. "आईची हजेरी तिलाच लावायची."

ती त्यानंतर थोडे दिवस आली. कॅमेरा पुन्हा लावला नाही. मी नाव पुकारायची आणि उत्तर म्हणून नुसता अंगठा यायचा पडद्यावर. मग अंगठाही येईना. मग नाव येईना.

* * *

बापाचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते.

"बाई, फोन परत दिला दवाखान्यातनं."

"अरे वा! मग मीनाक्षीताई घरी आल्या?"

"फोनच दिला, बाई." मला तेव्हा कळलं. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास अजून माझ्या नाकात आहे.

मग तो म्हणाला, "मी कामावर जाणार, पोरगी दिवसभर एकटी. गावाला मावशीकडे ठेवावी म्हणतो."

"आणि शाळा?"

"बघू, बाई."

हे "बघू" मी आयुष्यभर ऐकलंय. त्याच्यानंतर मुली दिसत नाहीत, लग्नाची पत्रिका दिसते. मी त्याला समजावलं, रागावले, विनवलं. बाईने माझ्या भरवशावर पोरगी टाकली होती आणि माझ्या हातात फोनशिवाय काहीही नव्हतं. त्या वर्षी सरकारने परीक्षा न घेताच सगळ्यांना पास केलं. सातवी आठवीत गेली. सुट्टी लागली, आणि सुट्टीभर तो फोन बंद होता.

* * *

जूनमध्ये आठवीचा पहिला वर्ग. पुन्हा ऑनलाइनच. मी चौकटी वाचायला घेतल्या.

"राजूभाई रिक्षावाले?"

"हजर, बाई!" आवाज फुटला होता मेल्याचा.

"पप्पा जुना नंबर?"

"हजर!"

"चनियाचोळी भाड्याने?"

"हजर, बाई!"

आणि त्याच्या खालच्या चौकटीत ते नाव होतं. कॅमेरा बंद. मीनाक्षी सोनवणे.

पोरगी आली होती! मला ओरडावंसं वाटलं. पण तोंड उघडलं आणि ते नाव काही केल्या बाहेर पडेना. मी पाणी प्यायले. त्या चौकटीवरून पुढे गेले, बाकीची नावं भराभर घेतली, पोरीची हजेरी मनातल्या मनात लावली आणि म्हटलं, "चला, पुस्तकं उघडा."

कुणाचा तरी माइक सुरू झाला.

"बाई," ईश्वरी म्हणाली, "तुम्ही आईचं नाव घेतलंच नाही."