आधी आडनाव

इंदिरानगरात आम्हाला भाड्याचं घर मिळवून देणारा तो एजंट फार मऊ बोलायचा. रिकाम्या फ्लॅटमध्ये शिरतानाही चपला दाराबाहेर काढायचा. म्हणून आमच्या शाळेतल्या पगारे मॅडमना एका फ्लॅटसाठी मी त्याच्याकडेच पाठवलं. त्यांना त्याने फ्लॅट गेल्याचं सांगितलं. मधल्या सुट्टीत मीच त्याला फोन लावला.

“रिकामाच आहे ताई,” तो नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाला, “पण मालक जयभीमवाल्यांना देत नाहीत. तुम्हालासुद्धा आडनाव विचारूनच घर दाखवलं होतं.”

तीन वर्षं त्या घरात मी निवांत झोपत होते. फोन ठेवून मी समोर बसलेल्या पगारे मॅडमकडे वळले.

त्यांनीच विचारलं, “आडनावच ना?”