रेखाने व्याकरण का सोडायचं?

मंडळी, आज दुपारी उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका क्लासमध्ये भांडून आले.

आमच्या शेजारची रेखा जीन्सच्या कारखान्यात धागे कापते. चाळिसाव्या वर्षी दहावीला बसली आहे. यंदा इंग्रजी राहिलं तर घरचे पुन्हा बसू देणार नाहीत. आणि क्लासचे सर तिला म्हणतात, "मावशी, पार्ट्स ऑफ स्पीच छोड दो, तुम्हाला जमणार नाही. निबंध पाठ करा."

मी सरांना म्हटलं, "फळ्यावर एक वाक्य लिहा."

त्यांनी लिहिलं: द ओल्ड टेलर कट्स द क्लॉथ क्विकली.

रेखा उभी राहिली. "कट्स हे काम, म्हणून व्हर्ब. टेलर आणि क्लॉथ नाउन. टेलर कसा? ओल्ड, ते ॲडजेक्टिव्ह. कापतो कसं? क्विकली, ते ॲडव्हर्ब."

मागून एक पोरगी ओरडली, "मावशी, एक नंबर!"

सर म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही घरी करून घेतलंत."

"हो, पंधरा दिवसांत. तुम्ही जूनपासून काय करत होतात?"

उद्यापासून रेखा पहिल्या बाकावर बसणार आहे. व्याकरण सोडणार नाही.

तुमच्या ओळखीत अशा कितीजणींना शिकवण्याआधीच 'तुला जमणार नाही' म्हणून सांगितलंय? नुसती हळहळ नको. कोणाला शिकवायला बसताय, ते लिहा.